दुसऱ्यांचीं गाणीं

गेल्या भाद्रपदांत तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचा योग मला आला. निमित्त अगदीं क्षुल्लक होतें. देवदर्शनास गेलों असतां अनवाणी पायाला एक खडा बोंचला, आणि तो बोंचला हें मला घरीं येईपर्यंत कळलेंच नाहीं. गेलीं बारा वर्षें मधुमेहानें माझ्या शरीरांत बिऱ्हाड केलें आहे. या भाडेकरूची खोड अशी कीं, तो प्रथम पायांतील जाणीव चोरतो आणि मग सावकाशीनें पायच मागूं लागतो. डॉक्टरांनीं जखम पाहून मान हलविली, व "मास्तर, आतां मी सांगेपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाहीं," असें बजावून ते गेले.

आमचें घर साताऱ्याच्या एका जुन्या पेठेंत, अगदीं रस्त्याच्या कडेला आहे. अनंतचतुर्दशीच्या रात्रीं मिरवणूक दारावरून गेली. मिरवणूक कसली, ध्वनिवर्धकांची एक भिंतच गाडीवर चढवून आणली होती! खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागलीं, फडताळांतील तांब्याभांडीं आपोआप वाजूं लागलीं, आणि आमच्या वयोवृद्ध वहिनी छातीवर हात धरून माजघरांत जाऊन बसल्या. मला उठतां येईना. रागाच्या भरांत मीं उशीखालची वही काढली आणि एका वर्तमानपत्रास पत्र लिहावयास घेतलें. 'डीजे नामक राक्षस' असा मथळा दिला, आणि जेवढीं म्हणून विशेषणें अमरकोशानें मला दिलीं आहेत, तेवढीं सारीं त्या राक्षसाच्या अंगावर चढविलीं.

दुसऱ्या दिवशीं तें पत्र स्वच्छ अक्षरांत उतरून काढण्यासाठीं मीं धाकट्या बंधूंच्या नातवाच्या हातीं दिलें. हा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. सणासाठीं घरीं आला होता. त्यानें पत्र दोनदां वाचलें आणि म्हणाला,

"आजोबा, तक्रार सोळा आणे खरी आहे. पण तुम्हीं ज्याला शिव्या दिल्या आहेत तो निराळा, आणि काल दारावरून गेली ती वस्तु निराळी. डीजे हें भिंतीचें नांव नाहीं; माणसाचें आहे."

"असें? कसला माणूस?"

"डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. त्याचीं आद्याक्षरें घेऊन डीजे झालें."

व्युत्पत्ति कानांवर पडली कीं संस्कृतच्या जुन्या मास्तराचा राग अर्धा उतरतो. तबकडीवर स्वार होणारा! घोडा दुसऱ्याचा, शर्यत दुसऱ्याची, आणि कौशल्य काय तें लगामाचें! मी हंसलों. पण मुलगा हंसला नाहीं. "तुम्हांला आतां दोन आठवडे उठायचें नाहींच, तर एका माणसाची गोष्ट सांगतों," असें म्हणून तो माझ्या पायथ्याशीं बसला. त्यानें सांगितलेली व नंतर मीं स्वतः वाचून पडताळून पाहिलेली ती गोष्ट वाचकांपुढें ठेवण्याचें आज योजिलें आहे.

त्या माणसाचें नांव फ्रँकी नकल्स. तो १९५५ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत जन्मला. म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनीं वडील. वर्णानें कृष्ण. तरुणपणीं तो वस्त्रांवरील नक्षीकामाचें शिक्षण घेत होता. परंतु लॅरी लेव्हन नांवाच्या जिवलग मित्राच्या संगतीनें त्याला न्यूयॉर्कमधील नृत्यगृहांचा नाद लागला, आणि दोघेहि तेथें तबकड्या वाजवूं लागले. १९७७ सालीं शिकागो शहरांत एक नवें नृत्यगृह निघालें. मालकानें प्रथम लेव्हनला बोलाविलें होतें. त्याला न्यूयॉर्क सोडवेना, म्हणून नकल्स गेला. मित्रानें नाकारलेली जागा त्यानें पत्करली, आणि त्याच जागेंतून पुढें एक संबंध संगीतप्रकार जगभर गेला!

हें गृह साउथ जेफर्सन रस्त्यावरील २०६ क्रमांकाच्या जुन्या औद्योगिक इमारतींत होतें, व त्याला 'वेअरहाऊस' म्हणजे 'वखार' असेंच नांव पडलें होतें. तेथें मद्य मिळत नसे. शनिवारीं रात्रीं सुरू झालेलें नृत्य रविवारीं दुपारपर्यंत चाले. त्या वखारींत वाजणारीं गाणीं विकत मागण्यास लोक शहरांतील दुकानांत जाऊं लागले. दुकानदार त्या तबकड्यांवर वखारीच्या नांवाची चिठ्ठी लावीत. होतां होतां नांवाचा पूर्वार्ध गळाला व नुसतें 'हाऊस' उरलें, असें सांगतात. आमच्या व्याकरणांत सत्यभामेची जशी 'भामा' होते, तसाच हा पूर्वपदलोप! पाणिनीच्या मागून चालणाऱ्या वार्तिककारांना शिकागोचें हें उदाहरण खचित आवडलें असतें.

आतां तो तेथें करी काय? वाचकांपैकीं वडील मंडळींना फोनोग्राफ ठाऊक आहे. तबकडी ठेवावी, सुई टेकवावी, गाणें संपलें कीं खरखर ऐकूं यावी, मग कोणीतरी उठून दुसरी तबकडी लावावी. या मधल्या खरखरींत मैफल मोडते. नकल्ससमोर अशीं दोन चक्रें असत. एकावरील गाणें लोक ऐकत असतां, दुसऱ्यावरील गाणें तो एकटा कानांवरील यंत्रांतून ऐके. चक्राची गति किंचित् कमीअधिक करण्याची एक पट्टी असते. तिच्या साहाय्यानें तो दुसऱ्या गाण्याचा ठोका पहिल्याच्या ठोक्यावर अचूक आणून बसवी. हाऊस संगीताचा ठोका मिनिटाला सुमारें १२० असतो. चारहि मात्रांवर समान वजनाचा, हृदयाच्या धडधडीसारखा. एकदां ठोक्यावर ठोका बसला कीं दोन्ही गाणीं कांहीं काळ एकत्र चालत, आणि पहिलें केव्हां मावळलें व दुसरें केव्हां उगवलें हें नाचणाराला उमगतहि नसे.

हें ऐकतांच मी उशीवरून अर्धा उठलों. "अरे, हा तर क्रमपाठ झाला!" मीं म्हटलें.

पाठशाळेंत आमचे शास्त्रीबुवा क्रमपाठ म्हणवून घेत. पहिलें पद व दुसरें पद मिळून म्हणावयाचें. मग दुसरें व तिसरें. मग तिसरें व चौथें. कोणतेंहि पद हातचें सुटण्यापूर्वीं पुढच्याचा हात धरलेला असतो. म्हणून सहस्रावधि वर्षें झालीं तरी एकहि पद मध्यें गळून पडलें नाहीं. वेद आणि नाचाचीं गाणीं यांची तुलना केल्याबद्दल शास्त्रीबुवा मला क्षमा करोत! पण सांधण्याची युक्ति एकच आहे, हें मला तरी स्पष्ट दिसलें.

पुढें या माणसावर एक संकट आलें. त्या काळीं अमेरिकेंत 'डिस्को' नांवाचें नृत्यसंगीत अतिशय लोकप्रिय होतें, आणि अतिपरिचयानें म्हणा वा त्यांतील कृष्णवर्णीयांच्या व इतर उपेक्षितांच्या वर्चस्वानें म्हणा, पुष्कळांच्या डोळ्यांत तें सलूं लागलें. १२ जुलै १९७९ रोजीं खुद्द शिकागोंतील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मध्यंतरांत, डिस्कोच्या तबकड्यांनीं भरलेली पेटी सुरुंगानें उडविण्यांत आली. जो अशी तबकडी आणून देईल त्याला केवळ ९८ सेंटमध्यें प्रवेश होता! हजारों लोक मैदानांत घुसले, आणि दुसरा सामना खेळवितांहि आला नाहीं. पुस्तकांची होळी करणारे लोक इतिहासांत वाचले होते. गाण्यांची होळी मला नवीन होती.

यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनीं त्या संगीतावरून हात काढून घेतला. नवीं गाणीं येईनाशीं झालीं. दुसऱ्यांचीं गाणीं वाजविणाराला दुसऱ्यांनीं गाणेंच दिलें नाहीं तर त्यानें काय करावें? नकल्सनें जुनींच गाणीं ध्वनिफितीवर उतरून घेतलीं, फीत कातरीनें कापली, आवडता भाग लांबविला, नावडता गाळला, आणि तुकडे चिकटवून जुन्या गाण्याला नवा देह दिला. वस्त्रांचें शिक्षण असें कामीं आलें म्हणावयाचें! पुढें डेरिक मे नांवाच्या डेट्रॉइटच्या तरुणाकडून त्यानें ताल वाजविणारें एक जपानी यंत्र विकत घेतलें व त्याचे ठोके तो गाण्यांखालीं घालूं लागला. शहरांतील पोरेंहि घरच्या घरीं असलीं यंत्रें जुळवून स्वतः गाणीं रचूं लागलीं. १९८४ पासून त्यांच्या तबकड्याहि निघाल्या. जें जाळलें, तें राखेंतून असें उठलें. हाऊस म्हणजे डिस्कोनें उगविलेला सूड होय, असें नकल्स म्हणे. मला वाटतें, इतका सुखकारक सूड क्वचितच कोणी उगविला असेल.

एवढें ऐकूनहि माझें समाधान होईना. मीं विचारलें, "पण अरे, यांत त्याचें स्वतःचें असें काय? सारीं गाणीं दुसऱ्यांचीं!"

मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण प्रश्न तोंडांतून बाहेर पडतांच तो उलटून माझ्याच अंगावर आला.

नऊ वर्षांपूर्वीं मी निवृत्त झालों, तेव्हां शाळेंत निरोपाचा लहानसा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चार गोड शब्द, सारें यथासांग झालें. चहाच्या वेळीं पाहुण्यांनीं सहज विचारलें, "मास्तर, इतकी वर्षें संस्कृत शिकविलेंत, आपले ग्रंथ कोणते?" मीं म्हटलें, "एकहि नाहीं." त्यांनीं विषय बदलला. त्यांचा हेतु वाईट नव्हता. पण तो प्रश्न त्या खड्यासारखा पायांत रुतून बसला, आणि केवढी जखम झाली आहे तें मला पुष्कळ दिवस कळलें नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला मी मनुष्य. चौतीस वर्षें कालिदासाचे, भवभूतीचे, भर्तृहरीचे श्लोक म्हटले. स्वतःचा एक चरणहि रचला नाहीं. रात्रीं झोंप येत नसे तेव्हां वाटे कीं, जन्मभर आपण दुसऱ्यांच्याच तबकड्या लावीत बसलों.

त्या दुपारीं पाय उशीवर ठेवून मी विचार करूं लागलों. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, मुलें पेंगत असतां, मीं कधीं एकदम व्याकरण काढलें होतें काय? नाहीं. आधीं एखादें संस्कृत कोडें घालावयाचें. तें सुटतांना हंशा झाला कीं त्याच वृत्तांतलें एखादें सुभाषित म्हणावयाचें. मुलांची मान डोलूं लागली कीं हळूच त्यांतील समास सोडवावयास लावावयाचा. कोठें विनोद संपला आणि कोठें व्याकरण सुरू झालें, हें त्यांना कळूं द्यावयाचें नाहीं. कोणता श्लोक, कोणत्या दिवशीं, कोणत्या वर्गापुढें, हें ठरविणारा कालिदास नव्हता, मी होतों. नकल्सहि जमलेल्यांचे पाय पाहून पुढची तबकडी निवडी. दमलेत, तर अंमळ विसावा. अधीर झालेत, तर थोडी वाट पहावयास लावून मग उसळी. आणि मध्येंच केव्हांतरी सारे दिवे मालवून तो आगगाडी धडधडत खोलींतून गेल्याचा आवाज सोडी म्हणतात! गाणें ज्याचें त्याचें. पण ती रात्र नकल्सची होती.

येथवर मी माझें समाधान करून घेतलें, आणि येथेंच थांबलों असतों तर सुखानें झोंपलों असतों. पण गोष्टींत एक भाग असा होता कीं, त्यानें माझी झोंप पुन्हां उडविली.

त्या वखारींत येत कोण? प्रारंभीं बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाचे तरुण. आणि त्यांतहि पुष्कळ असे कीं, ज्यांची प्रीति पुरुषाची पुरुषावर असल्यामुळें ते आपल्याच घरीं व आपल्याच प्रार्थनामंदिरांत परके ठरले होते. नकल्स स्वतः त्यांपैकींच एक. आपल्या त्या जागेला तो देवाच्या कृपेंतून ढळलेल्यांचें प्रार्थनामंदिर म्हणत असे. या विषयावर आमच्या घरांत बोलण्याची रीत नाहीं, आणि मुलगाहि तें सांगतांना खालीं पाहूं लागला. मीं त्याला "पुढें सांग" म्हटलें. पण माझें लक्ष दुसरीकडे गेलें होतें.

फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. कंठ मोठा गोड. मंदाक्रांता तो म्हणे तेव्हां शेजारच्या वर्गांतले मास्तर दारांत येऊन उभे राहत. त्याचें चालणें व हातवारे मुलींसारखे, म्हणून मुलें त्याला एका नांवानें चिडवीत. तें नांव मीं अनेकदां ऐकलें. प्रत्येक वेळीं मी "शांत बसा" म्हणालों. त्याच्या बाजूनें एक अक्षरहि बोललों नाहीं. एकदां तर हंसणाऱ्यांबरोबर मलाहि हंसूं आलें, आणि त्यानें तें पाहिलें. सहामाही परीक्षेनंतर तो शाळेंत आला नाहीं. दोन गाण्यांच्या मधल्या खरखरींत कोणी गळून पडूं नये म्हणून तिकडे एक मनुष्य रात्रभर डोळ्यांत तेल घालून उभा राही. आणि माझ्या भर वर्गांतून, भर दिवसा, एक मुलगा गळून पडला व मी पुढचा श्लोक म्हणावयास घेतला! ग्रंथ लिहिला नाहीं याची खंत मीं नऊ वर्षें बाळगली. खरी खंत कोठली बाळगावयाची, हें एका तबकडी वाजविणाऱ्यानें मला सांगितलें.

नकल्सच्या उत्तरायुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. वखारीचें मूळ रूप पालटूं लागलें तेव्हां १९८२ सालीं त्यानें ती सोडली व 'पॉवर प्लँट' नांवाचें स्वतःचें नृत्यगृह काढलें. जेमी प्रिन्सिपल या तरुण गायकाचें 'युवर लव्ह' हें गाणें त्यानें प्रसिद्धीस आणलें; तें आज या प्रकारांतील अभिजात कृति समजलें जातें. पुढें तो न्यूयॉर्कला परतला, आणि डेव्हिड मोरालेस व जुडी वाइनस्टाइन यांच्यासमवेत 'डेफ मिक्स' या संस्थेंत दुसऱ्यांच्या गाण्यांस नवीं रूपें देण्याचें काम करूं लागला. मायकेल जॅक्सन, चाका खान यांच्यासारख्यांचीं गाणीं त्याच्या हाताखालून गेलीं. १९९१ सालीं 'द व्हिसल साँग' हें त्याचें स्वतःचें वाद्यगीत गाजलें. अशा पुनर्रचनाकारांसाठीं ग्रॅमी पुरस्कार देण्यास १९९८ सालीं प्रारंभ झाला, तेव्हां पहिला मान त्यालाच मिळाला. आणि २५ ऑगस्ट २००४ रोजीं, जेथें ती वखार होती त्या जेफर्सन रस्त्याच्या भागाला शिकागो शहरानें त्याचें नांव दिलें. या कामीं पाठिंबा देणाऱ्यांत इलिनॉय राज्याच्या सिनेटमधील एक तरुण सभासद होते; त्यांचें नांव बराक ओबामा.

मुलगा येथें जरा अडखळला. माझ्या पायाकडे पाहून म्हणाला, "आजोबा, शेवट आज नको." मी काय समजायचें तें समजलों. "सांग," म्हटलें.

नकल्सला मधुमेह जडला होता. बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतांना त्याच्या पायाचें हाड मोडलें होतें. त्या हाडांत रोग शिरला, आणि मधुमेहापुढें उपाय चालेना. जुलै २००८ मध्यें पाऊल कापावें लागलें. ज्याच्या ठोक्यावर तीस वर्षें लाखों पाय नाचले, त्याचें पाऊल गेलें! तरी त्यानें तबकड्या सोडल्या नाहींत. देशोदेशीं जाऊन तो वाजवीतच राहिला. ३१ मार्च २०१४ रोजीं शिकागो येथें त्याच रोगानें त्याचा अंत झाला. तेव्हां तो एकूणसाठ वर्षांचा होता. त्याचा मित्र लेव्हन तर १९९२ सालींच, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं गेला होता.

त्या दिवसापासून मीं डॉक्टरांचें म्हणणें मुकाट्यानें ऐकलें. त्यांनीं सांगितलेल्या मऊ तळाच्या पादत्राणांना मी इतके दिवस 'बायकी' म्हणून हंसत होतों; तीं मागविलीं. हा शब्द कोणकोणत्या वेळीं आपल्या तोंडीं येतो, तेंहि त्या निमित्तानें मनांत आलें. रोज रात्रीं पायांचे तळवे आरशांत पाहण्याची संवय लावून घेतली. ईश्वरकृपेनें जखम भरली आहे.

नकल्सच्या तबकड्या आज शिकागोच्या दक्षिण भागांतील स्टोनी आयलंड आर्ट्स बँक या संस्थेंत जपून ठेविल्या आहेत. ज्या शहरांत एकदां तबकड्यांची पेटी सुरुंगानें उडविली, त्याच शहरानें या तबकड्यांना कपाटें दिलीं. आणि २०२३ सालीं त्या जुन्या वखारीच्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जाहि दिला. मनुष्यांप्रमाणें शहरांनाहि उशिरां कां होईना शहाणपण येतें.

मुलगा पुण्यास परत जाण्याच्या आदल्या रात्रीं त्यानें आपलें कानांवर लावावयाचें यंत्र माझ्या डोक्यावर चढविलें व नकल्सची एक जुनी रात्र मला ऐकविली. पहिला पाव तास ठोक्याखेरीज मला कांहीं ऐकूं येईना. मग तो ठोका ऐकूं येईनासा झाला व त्यावरचें गाणें ऐकूं येऊं लागलें. आणि एका ठिकाणीं, दोन गाणीं हातांत हात घालून जात असतां, मी डोळे मिटून कोणतें कोठें संपतें तें शोधीत राहिलों. सांधा सांपडला नाहीं. आमची मंडळी दारांत येऊन म्हणाली, "जाग्रण करूं नका. आणि तो पाय कशाला हलवितां आहां?" पाहतों तों माझा बरा असलेला पाय अंथरुणावर ताल धरीत होता!

आतां त्या पत्राचें काय झालें, असें वाचक विचारतील. मीं तें धाडलें. दारावरून गेलेल्या त्या भिंतीनें वृद्धांना व आजाऱ्यांना जो ताप दिला, तो ताप नव्हता असें मी म्हणणार नाहीं. मात्र मथळा बदलला, 'डीजे' हा शब्द सर्वत्र खोडला, आणि त्या जागीं 'ध्वनिवर्धकांची भिंत' असें लिहिलें. ज्याचा अपराध नाहीं त्याच्या नांवानें शिवी जाऊं नये.

दुसरें एक पत्र मात्र अद्याप लिहावयाचें आहे. तो गोड कंठाचा मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत असेल. त्याच्या बरोबरीच्या एका विद्यार्थ्याकडून त्याचा पत्ता मीं परवांच मिळविला. चौतीस वर्षें दुसऱ्यांचीं वाक्यें म्हणणाऱ्या मास्तराला हें पत्र स्वतःच्या शब्दांत लिहावें लागणार. म्हणून चार दिवस झाले, कागदावर "चिरंजीव" एवढेंच उतरलें आहे. पण लेखणी खालीं ठेवावयाची नाहीं, असा निश्चय केला आहे.